वानराचा दहावा आणि घुशीचं बीळ

आठवीच्या चाचणीत 'फरक स्पष्ट करा' या प्रश्नात मी दरवर्षी एक जोडी माझ्या मनाची घालते. पुस्तकातल्या जोड्या मुलं पाठ करून येतात, आणि तीच उत्तरं पुन्हा तपासायची म्हणजे शिळ्या कढीला ऊत आणायचा. या वर्षी मी वानर आणि घूस घातली. सांगलीची मुलं, दोन्ही प्राणी डोळ्यांनी पाहिलेली. उत्तरं यायची तशीच आली. वानर झाडावर राहते, घूस बिळात राहते. वानर दिवसा हिंडते, घूस अंधार पडल्यावर निघते. घुशीचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात म्हणून ती सारखी काहीतरी कुरतडते, वानराचे तसे नाही. एका मुलीनं मात्र शेवटी आपल्या पदरचं लिहिलं होतं : 'वानर मेले की गाव जेवते. घूस मेली की नुसता वास येतो.'

मी तिला पूर्ण गुण दिले. शेजारच्या बाईंनी पेपर ओढून वाचला आणि हसल्या. "हे विज्ञान होय?" म्हणाल्या. मी म्हटलं, "एवढं खरं विज्ञान आपल्या पुस्तकातही नाही." माझा आवाज चढला असावा, कारण त्या आपले पेपर तपासायला लागल्या. त्यांचा काही दोष नव्हता. त्या ओळीत माझ्या भावाचं मरण होतं, हे त्यांना ठाऊक असायचं कारण नाही.

माझं माहेर वाईजवळ, कृष्णेच्या काठाला. आईवडील गेल्यावर तिथं दादा आणि वहिनी दोघंच राहायचे. त्यांना मूलबाळ नव्हतं. थोडा ऊस, थोडी हळद, दारात दोन म्हशी. दादा दहावीपर्यंत शिकला आणि मग म्हणाला की एका घरात एक मास्तरीण पुष्कळ झाली. मला शिकवलं त्यानंच. मी लग्न होऊन सांगलीला आले, नोकरीला लागले, आणि सुट्टी लागली की एसटीनं माहेरी जाऊन त्या दोघांवर मास्तरकी करू लागले.

दादाचं आणि घुशींचं वैर जुनं होतं. घूस उसाचं बूड कुरतडते, हळदीचे गड्डे खाते, ते तो सोसायचा. पण ती बांध पोखरते, ते त्याला सोसायचं नाही. वरच्या रानाला पाणी लावावं आणि थोड्या वेळानं बघावं तर वरचं रान कोरडं आणि खालच्या शेजाऱ्याचा ऊस पाण्यात पोहतोय. पाणी सगळं बिळातून खाली. मग शेजारी एकीकडून ओरडणार आणि दादा दुसरीकडून घुशीच्या सात पिढ्या उद्धरणार. तो दारं धरायला, म्हणजे रानात पाणी वळवायला, नेहमी अनवाणी जायचा. गढूळ पाण्याखाली बीळ डोळ्यांना दिसत नाही, ते पायानं शोधावं लागतं. तळव्याखालून पाण्याची गार ओढ लागली की तिथं टाच रोवून उभं राहायचं, आणि वाकून दोन्ही हातांनी चिखल, पाचट, मिळेल ते त्या भोकात कोंबायचं. आमच्याकडे सगळे असंच करतात. दादा त्यात वस्ताद होता. त्याच्या टाचांना भेगा इतक्या, की उन्हाळ्यात वहिनी त्यांत मेण वितळवून भरायच्या.

सांगलीत महापूर आला होता तेव्हा पाणी ओसरल्यावर आरोग्य केंद्राच्या बाया घरोघर गोळ्या वाटत फिरल्या होत्या. पायाला जखम आहे का, पाण्यात उतरला होता का, असं विचारायच्या. उंदीर-घुशींचं मूत पाण्यात मिसळतं, ते भेगेतून अंगात शिरतं आणि ताप येतो, असं समजावून सांगायच्या. लेप्टो हा शब्द तेव्हापासून सांगलीत शेंबड्या पोरालाही ठाऊक झाला. मी तो माहेरी नेला. पुढच्या भाऊबीजेला दादानं मला साडी घेतली आणि मी त्याला गमबूट दिले. बरोबर व्याख्यानही दिलं, ते तर फुकटच असतं.

दादानं बूट हातात घेऊन उलटेपालटे केले.

"बूट घालून बीळ घावत न्हाई, बाय," तो म्हणाला. "पायाला कळतं. बुटाला काय कळतंय?"

"अरे, पण ताप येतो त्यानं. माणसं मरतात."

"घुशीच्या मुतानं? मग आमचं आख्खं गाव कवाच मसणात जायला पायजे हुतं."

वहिनीही हसल्या. गमबूट प्लास्टिकच्या पिशवीसकट सोप्यात खुंटीला टांगले गेले. पाहुणा आला की दादा कौतुकानं दाखवायचा, "भैनीनं सांगलीवनं आणल्यात." एकदाही घातले नाहीत.

त्या श्रावणात वानरांची टोळी गावात उतरली होती. आमच्याकडे काळ्या तोंडाचं ते वानर आणि लाल तोंडाचं ते माकड. माकडाला दगड मारतात, वानराला हात जोडतात. तर त्या टोळीतलं एक मोठं हुप्प्या वानर मारुतीच्या देवळामागच्या विजेच्या डीपीवर उडी मारायला गेलं आणि तारेला चिकटलं. मारुतीचं देऊळ आमच्या रानाला लागून आहे. दादा बांधावरच होता. वायरमन बोलावून लाईट बंद करेपर्यंत सगळं गाव गोळा झालं, पण वर चढायला कोणी तयार होईना. दादा चढला. जळक्या केसांचं ते धूड त्यानं खांद्यावर घेऊन खाली आणलं.

पुढचं मला वहिनींनी नंतर तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. वानराला ऊन पाण्यानं अंघोळ घातली, हळदकुंकू लावलं, पांढऱ्या कपड्यात गुंडाळून तिरडी बांधली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला केळीचे खुंट लावले. टाळमृदंग आला. बाया दारादारांत आरत्या घेऊन उभ्या राहिल्या. आणि देवाचं मयत म्हणून सगळं गाव चपला घरी ठेवून अनवाणी निघालं, म्हातारीकोतारी आणि कडेवरच्या पोरांच्या आयासुद्धा. प्रश्न आला मडकं कोण धरणार. वानराला लेक कुठला शोधायचा? भजनाचे बुवा म्हणाले, "ज्यानं खांद्यावर घेतलं, त्योच लेक." मग दादा मडकं धरून पुढे चालला. देवळामागे, आमच्या बांधाच्या कडेला वानराला पुरलं. दहाव्याला दादानं डोकं आणि मिशी काढली. वहिनी सांगत होत्या, त्या दिवसांत लोक दादाला वाट सोडून देत, चहाला बोलावत. जन्मात कधी ग्रामसभेत ज्याला कुणी विचारलं नव्हतं, त्याला बुवांनी आपल्याशेजारी बसवलं. दादाला ते फार गोड लागलं होतं म्हणे. मला हे ऐकताना इतका राग आला आणि इतकं रडू आलं, की आधी काय करावं ते कळेना.

मधल्या काळात शेतीची कामं काही थांबली नव्हती. पाऊस चांगला होता, रानात पाणी साठायचं, आणि वरचं पाणी घुशीच्या बिळांतून हळदीत उतरायचं. दहाव्याला मुंडण करून आला तरी दादा दुपारी रानात गेला होता, टाचेनं बिळं बुजवायला. पण हे कुणाच्या लक्षात राहणार? रोजचंच ते.

तेराव्याला गावजेवण होतं. लापशी, आमटी, भात. दादा वाढायला उभा राहिला आणि मध्येच पंगतीत खाली बसला. अंगात फणफणून ताप. पोटऱ्या कुणीतरी पिळतंय म्हणाला. डोळे लालबुंद झाले होते. बायांनी एकमेकींकडे पाहिलं. तेराव्याच्याच दिवशी, आणि मडकं धरणाऱ्यालाच!

दुसऱ्या दिवशी त्याला वाईला दवाखान्यात नेलं. सोबत वहिनी, बुवा आणि दोन चुलतभाऊ. डॉक्टरांनी विचारलं, "जनावरांशी काही संबंध आला का?" चौघं एकदम बोलायला लागले. डीपी, वानर, खांदा, अंघोळ, मडकं, सगळं सांगितलं. दादानंही तापात मान हलवून सांगितलं, "व्हय, वानर उचललं हुतं." कोकणातल्या माकडतापाच्या बातम्या तेव्हा सगळ्यांच्या मोबाईलवर फिरत होत्या. डॉक्टरांच्याही डोक्यात तेच आलं असेल, तर त्यांना तरी काय म्हणायचं? रक्त पुण्याला तपासायला पाठवलं, सलाईन लावलं आणि अहवालाची वाट बघत बसायचं ठरलं. बिळाचं कुणी बोललं नाही. चिखलात उभं राहिल्याचं कुणी बोललं नाही.

गावात बातमी पोचायला कितीसा वेळ लागतो! आरोग्य खात्याची माणसं येऊन वानराच्या जागेभोवती पावडर टाकून गेली आणि मेलेल्या वानराला हात लावू नका म्हणून सांगून गेली. झालं. आदल्या आठवड्यात दादाला वाट सोडून देणारे लोक आता घाबरून वाट सोडायला लागले. आमच्या म्हशींचं दूध डेअरीत कुणी घेईना. वहिनी नळावर गेल्या की बाकीच्या बाया घागरी उचलून मागे सरायच्या.

मला यातलं काहीही माहीत नव्हतं. दादाचे डोळे पिवळे झाले, लघवी होईना, आणि वाईच्या डॉक्टरांनी साताऱ्याला हलवायला सांगितलं, तेव्हा वहिनींचा फोन आला. मी अंगावरच्या साडीनिशी सातारची एसटी धरली.

दादाला मी पहिल्यांदा ओळखलंच नाही. भादरलेलं डोकं, मिशी नाही, आणि हळदीत बुडवून काढल्यासारखा रंग. त्याच्या पायांवरची चादर मी सारली. दोन्ही टाचांच्या भेगांत अजून काळी माती होती.

"पोटऱ्या दुखतात?" मी विचारलं.

"लय," तो म्हणाला.

मी मागे वळून वहिनींना विचारलं, "वहिनी, हा रानात पाण्यात उभा राहिला होता का? बिळं बुजवत?"

"तर वो! रोजच की."

"मग डॉक्टरांना सांगितलं का घुशींचं?"

वहिनींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी म्हशींचं वय विचारलं होतं. "तिचं काय सांगायचं, वन्सं? ती तर रोजचीच हाय."

मी धावत डॉक्टरांकडे गेले. साताऱ्याचे डॉक्टर तरुण होते, शहाणे होते. त्यांनाही तोच संशय आला होता आणि त्यांनी औषध बदललंही होतं. माझं ऐकून त्यांनी मान खाली घातली. "हे पहिल्या दिवशी कळलं असतं तर साध्या गोळ्यांवर भागलं असतं," म्हणाले. "आता किडन्या काम करीत नाहीत. प्रयत्न चालू आहेत." प्रयत्न चालू आहेत, याचा अर्थ मला कळतो. नापासाच्या कडेवरच्या मुलांच्या आईवडिलांना मीही तेच सांगते.

बाहेर बाकावर मी वहिनींवर तोंड सोडलं. इतकं सगळं झालं आणि मला फोन करायला सुचलं नाही? वानराचं मयत, मुंडण, गावजेवण, एवढं घडलं तरी मला कळवलं नाही? वहिनी पदराच्या टोकाशी चाळा करत होत्या.

"मालकच म्हणलं, तिला सांगू नगं," त्या म्हणाल्या. "तुमी हसला असता, वन्सं."

हसले असते. खरं आहे. पोट धरून हसले असते आणि दादाला वानराचा लेक म्हणून वर्षभर चिडवलं असतं. पण ताप आल्याचं कळलं असतं तर गोळ्याही घेऊन आले असते. हे मी वहिनींना बोलले नाही. तेवढी अक्कल मला त्या दिवशी होती.

दादा तिसऱ्या दिवशी गेला. त्याला घरी आणलं तेव्हा डोक्यावर केसांची नुसती खुंटं आली होती. हात फिरवला की तळहाताला टोचायची.

मयताला आम्ही मोजकी माणसं होतो. खांद्याला चार लागतात, ते दोन चुलतभाऊ, माझा नवरा आणि साताऱ्याहून आलेला रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर, ज्याचा आमच्याशी काही संबंध नव्हता. तो परका माणूस तेवढा न सांगता पुढे आला. बाकीचं गाव दारं लावून बसलं होतं. अजून अहवाल आला नव्हता आणि माकडताप मयताच्या वाऱ्यानं लागतो, असं कुणीतरी उठवून दिलं होतं. ज्या रस्त्यानं वानराची ट्रॉली टाळमृदंगाच्या गजरात गेली, त्याच रस्त्यानं आम्ही दादाला नेलं. एका खिडकीची फळी जरा उघडली आणि पुन्हा लागली. बुवा आले नाहीत. मडकं तिसऱ्या, सगळ्यांत धाकट्या चुलतभावानं धरलं, तेही नाकातोंडाला फडकं बांधून.

अहवाल दादाच्या दहाव्यानंतर आला. माकडताप नव्हता. साताऱ्यातल्या तपासणीत लेप्टोच निघाला होता. मला वाटलं, आता तरी गावाला शरम वाटेल. कसली शरम! गावाला हायसं वाटलं. वानरानं मारलं नव्हतं. मारुतीरायाच्या माथी उगाच बोल लागला होता, तो गेला. गुलाल तेवढा उधळायचा राहिला. घुशीवर कुणीही चिडलं नाही. घुशीवर चिडून काय करणार? तिला ना देऊळ, ना नाव. ती काल होती, आज आहे, उद्या बांधात असणार आहे. मी एवढी शिकवणारी बाई, तीन ठिकाणी बसून समजावलं की बाबांनो, पायाला भेगा असतील तर पाण्यात अनवाणी उतरू नका. लोकांनी मान डोलावून चहा पाजला आणि वानराच्या जागेवर बांधायच्या चौथऱ्याला कुठली फरशी बसवायची, यावर बोलायला लागले.

चौथरा झाला. शनिवारी पूजा ठेवली. बुवा स्वतः घरी आले. दादाच्या मरणानंतर पहिल्यांदाच उंबरा ओलांडला. माझीही सुट्टी होती म्हणून मी तिथं होते. बुवा वहिनींना म्हणाले, "झालं गेलं गंगंला मिळालं. पयला निवद तुमच्या हातचा. तुमच्या मालकानंच मडकं धरलं हुतं, त्यो मान तुमचाच हाय." वहिनी हो म्हणाल्या. मला वाटलं, या आता हेही मुकाट्यानं करणार. मी तोंड फिरवून बसले.

शनिवारी सगळं गाव देवळामागे जमलं. देवाचं काम म्हणून चपलांचा ढीग पार रस्त्याकडेला. वहिनी निवद झाकून पुढे आल्या, मी त्यांच्यामागे. पाऊस होऊन गेला होता, रानातलं पाणी बांधाला टेकलं होतं. वहिनींनी निवद ठेवला, हात जोडले आणि वाकतानाच त्यांना दिसलं. नव्या चौथऱ्याच्या बुडाशी, फरशीच्या अगदी खाली, घुशीनं ताजी माती उकरून काढली होती, आणि रानातलं पाणी त्या भोकात गुळगुळ करत शिरत होतं. वहिनींनी साडी वर खोचली आणि अनवाणी टाच सरळ त्या बिळावर रोवली.

मी किंचाळले. सगळ्या गावादेखत, वहिनींच्या दंडाला धरून त्यांना मागे ओढलं. त्यांच्या टाचेला दादासारख्याच भेगा. "पाय काढा! पाय काढा आधी!" मी ओरडत होते. वहिनींनी खाली टाचेकडे पाहिलं. मग वळल्या आणि घराकडे चालायला लागल्या. मला वाटलं, संपलं, आता या घरात जाऊन रडणार. बुवांनी आरतीला सुरुवात केली.

आरती संपायच्या आत वहिनी परत आल्या. हातात खोरं, पायात दादाचे गमबूट. खुंटीवरून काढलेले, एकदाही न वापरलेले, त्यांना दोन मापांनी मोठे. चालताना फटक फटक वाजत होते. लोक बाजूला झाले. त्या सरळ चौथऱ्यापर्यंत गेल्या, बिळावर बूट ठेवला आणि खोऱ्यानं त्यावर माती ओढायला लागल्या.

बुवांनी टाळ खाली ठेवला. "आवं, देवापुढं पायताण? एवढं तरी बगा की जरा!"

वहिनींनी खोरं थांबवलं. घागरी मागे घेणाऱ्या बाया, दुधाला नको म्हणणारे डेअरीवाले, फडकं बांधून मडकं धरणारा चुलतदीर, सगळे समोर होते. वहिनींचा आवाज कधी चढत नाही, तेव्हाही चढला नाही.

"बुवा, ह्याच्या मयताला सगळं गाव अनवाणी आलं," त्या म्हणाल्या. "माझ्या मालकाच्या मयताला चपला घालूनबी कुणी आलं न्हाई."

वहिनींनी माती ओढली, बुटानं दाबली, पुन्हा ओढली. बीळ पुरतं बुजेपर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत, आणि त्या हलेपर्यंत कुणाला प्रसादाला हात लावता आला नाही.